आईच्या श्वासाची पिशवी

आईच्या पोटातला व्रण भरला होता. पण तो ज्या जंतूमुळे झाला, तो औषधांनी मेला की नाही, हे तिच्या श्वासावरून कळणार होतं. मावशी पोटाच्याच कर्करोगाने गेलेली. त्यामुळे खात्री झाल्याशिवाय मी सोलापूर सोडणार नव्हते. तिकडे पुण्यात माझी लहान लेक सासूबाईंवर सोपवलेली.

तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. त्या सकाळी उपाशीपोटी यायचं, मिश्रीसुद्धा लावायची नाही. "मिश्री काय पोटात जाती व्हय?" म्हणून आईने लॅबमधल्या बाईंशी हुज्जत घातली. गोळीचं मात्र नीट विचारून घेतलं. गोळीने जंतू दबून बसतो, असला तरी श्वासात सापडत नाही, असं बाईंनी समजावलं.

ठरल्या दिवशी आईने एका पिशवीत श्वास फुंकला, मग बाईंनी दिलेलं आंबटसर पाणी ती प्यायली आणि दुसऱ्या फुंकरीपर्यंत अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. गप्प बसायचं, हिंडायचं नाही. पंखा कुरकुरत होता, दूर कुठेतरी माग चालू होते. आई माझ्या खांद्यावर पेंगली. तिचा श्वास मानेला लागत होता आणि मी मनाने लहानपणीच्या, गच्चीवरच्या उन्हाळ्यात गेले. तिथे ह्याच श्वासाला चिकटून मी झोपायचे. तो श्वास आता पिशवीत भरून कुणीतरी मोजणार, याचं मला नवल वाटत राहिलं. बाईंनी हाक मारली तेव्हा आम्ही दोघीही दचकलो.

रिपोर्ट आला : जंतू नाही. मी देवापुढे साखर ठेवली, बसचं तिकीट काढलं, बॅग भरायला घेतली. आई माझ्यासाठी कडक भाकरी बांधत होती.

"रागावू नगंस," ती मान वर न करता म्हणाली. "गोळी घेत हुते मी. रोज."

"जळजळ होत होती का गं?"

"हुती की. पन त्यापाई न्हाय. रिपोट चांगला यावा म्हनून. तुजं लेकरू तितं वाट बघतंय. पन तू देवाम्होरं साखर ठिवलीस, मग मला ऱ्हावंना."

मी तोंडाला येईल ते बोलले. मग तिला मिठी मारून रडले. मला फार भीती वाटली होती. तिकीट रद्द केलं, लॅबला फोन लावला.

"परत दोन आठवडं?" आईने विचारलं.

"हो."

"मंजी तू हितंच ऱ्हानार?"

तिने पटकन पाठ फिरवली, पण तोवर तिचं हसू मी पाहिलं होतं.