क्वाकू डापाची माफी

पांढऱ्या केसांचा हिशेबनीस आन्सेरे क्वाकू डापाला किती ओळखत होता, असं कोणी विचारलं तर आन्सेरेला संकोच वाटतो. कितीतरी वर्षं दोघं ऑफिसात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसले, पण डापाला मुलं किती हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. विचारायची छातीच झाली नाही.

एका ऑडिट कंपनीच्या कुमासी शहरातल्या शाखेत डापा रिजनल बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर होता. म्हणजे कामं आणायची त्याने आणि निस्तरायची आन्सेरेसारख्यांनी, असं ऑफिसातले म्हणत. डापा उलट म्हणायचा, "दर शनिवारी लोकांच्या मयताला जाऊन मी उन्हात बसतो, म्हणून तुमच्या घरी चूल पेटते." ते खरंच होतं. काळं कापड खांद्यावर टाकून तो कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या आत्याला, सासूला पोचवायला जायचा. सोमवारी मात्र सगळ्यांवर खेकसायचा. डबा उघडला की समोरच्याला 'या जेवायला' म्हणायची तिथली रीत. डापाला तेवढंही कोणी म्हणत नसे.

शाखेचं निम्मं काम याव सर्फो या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून यायचं. एका वर्षी सर्फो आपल्या गावचा राजा होऊन गादीवर बसला आणि सगळे त्याला मानाने नाना म्हणू लागले. गादीवरच्या माणसाशी थेट बोलायचं नसतं. पायातलं काढून उभं राहायचं, शेजारच्या काठीवाल्याला सांगायचं, मग तो पुढे सांगतो. डापा याच मातीतला, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण जुनी दोस्ती आडवी आली. भर दरबारात तो बुटांसकट पुढे गेला, हात पुढे केला आणि म्हणाला, "काय रे याव, यंदाच्या ऑडिटवर सही कधी करतोस?"

तो हात कोणी हातात घेतला नाही. काठीवाला म्हणाला, "याला बाहेर न्या."

ऑफिसात हशा पिकला. "बरं झालं, मेल्याची मिजास उतरली," रिसेप्शनवरची सेर्वा म्हणाली. मग अक्राच्या मुख्य ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन आला. सर्फोचं काम गेलं तर कुमासीची शाखा बंद. मग हसणाऱ्यांनीच ठरवलं, डापाने नानाची माफी मागायची.

माफी मागायला पांढऱ्या केसांचा माणूस सोबत लागतो. सगळ्यांनी आन्सेरेला पुढे ढकललं. तो डापाच्या दाराशी उभा राहिला.

"काय मामा, हसून झालं का सगळ्यांचं?"

"मी नाही हसलो."

"तुम्हाला हसताही येत नाही. त्या सर्फोला ताळेबंद वाचायला मी शिकवलं, मी! आणि आता त्याच्यापुढे बूट काढू?"

"तुम्ही नाही आलात तर आम्ही सगळे घरी बसू."

"बसा की. तुमच्यापैकी एकाने तरी मला कधी विचारलं, जेवलास का म्हणून?"

आन्सेरे दारातून हलला नाही. शेवटी डापा म्हणाला, "बाटल्या तुम्ही धरा. मी हमाल नाही."

रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या आणि एक मेंढा घेऊन दोघे नानाच्या दरबारात गेले. डापाने उंबऱ्याबाहेर बूट काढले, खांद्यावरचं कापड खाली घेतलं आणि मान खाली घालून काठीवाल्याशी बोलला. आवाजात नम्रता होती, पण जबडा घट्ट आवळलेला. नानाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, काठीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"माफी पोचली," काठीवाला म्हणाला. "काम तुमच्याकडेच राहील. पण हा माणूस पुन्हा इथे दिसता कामा नये."

परतीच्या वाटेवर डापा एवढंच पुटपुटला, "नोकऱ्या वाचल्या तुमच्या. करा मजा."

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ज्याचं तोंड बघत नाही, त्याला कंपनी तिथे कशाला ठेवेल? डापाची दूर उत्तरेला, टामालेला बदली झाली. ऑफिसात कोणी आभार मानले नाहीत. सेर्वाने तर त्याची खुर्ची त्याच दुपारी आपल्याकडे ओढून घेतली. आन्सेरेलाही तो शेवटपर्यंत आवडला नाही. वाईट वाटलं, पण ते निराळं.

जायच्या दिवशी डापाने ऑफिसच्या गाडीची किल्ली आन्सेरेच्या टेबलावर टाकली.

"मागच्या डाव्या चाकातली हवा उतरते. भरून घ्या."

"घेतो संध्याकाळी."

"संध्याकाळी नाही मामा, आत्ता."

"बरं."