एक वाक्य सांगा बघू

"आपली सगळी पुस्तकं वाचलीत," असं कुणी म्हणालं की सर चष्मा काढून पुसायला घेत. मग शांतपणे म्हणत, "एक वाक्य सांगा बघू." समोरचा घामाघूम. एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमात लोणावळ्यातल्या एका पुढाऱ्याला नेमका तेव्हाच फोन आला. तो वाजलेला मात्र आम्ही कुणी ऐकला नाही.

सर म्हणजे माझे लाडके कादंबरीकार. मूळ पुण्याचे, उतारवयात लोणावळ्याला लागून असलेल्या वलवणला राहायला आलेले. मी कार्ल्याच्या शेतकऱ्याची मुलगी, लोणावळ्यात शाळेत शिकवते. दूध आणायच्या निमित्ताने त्यांच्या फाटकावरून जायचे, पण आत जायची छाती नव्हती. खरं सांगते, त्या प्रश्नाचीच भीती.

माझं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा वाचनालयाने आम्हा दोघांना एकाच व्यासपीठावर बसवलं. बोलायला उभी राहिले आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "सरांच्या एका वाक्याने मला लिहितं केलं. 'भात घरी गेलं का खळं एकलं पडतं.'"

टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, मान डोलावली. मी तरंगतच खाली बसले.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, ते वाक्य माझं नाही."

"असं कसं, सर? अकरावीत वाचलंय मी!"

"कुठं बसून वाचलंत?"

"खळ्यावर," मी म्हणाले आणि एकदम सगळं आठवलं. पुस्तक मांडीवर होतं. शेवटची पोती घेऊन वडील घरी गेले होते. आई खळं झाडत होती. मधेच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भात घरी गेलं का खळं एकलं पडतं, न्हाई का गं?" मी पुस्तकातून मान वर न करता "व्हय" म्हटलं होतं. इतकी वर्षं आईचं बोलणं मी सरांच्या नावावर सांगत आले होते. सरांना तसं सांगितलं आणि धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मी खळं पाहिलंय ते एसटीच्या खिडकीतून," सर हसले. "मला जन्मात सुचलं नसतं. तुमचा मोठा दिवस, म्हणून गप्प बसलो. पुढच्या वेळी मात्र जिचं आहे तिच्या नावानं सांगा. आई आहेत?"

"नाही, सर."

"मग तर सांगाच."

त्यानंतर मी त्या फाटकातून आत जायला लागले. सर विचारत, "आज काय म्हणाल्या तुमच्या आई?" जणू ती सकाळीच मला भेटली होती. मग मी आठवून आठवून सांगायचे. आई गेल्यावर तिच्याविषयी इतकं मी घरीही बोलले नव्हते.

यंदा भाताची सुगी आटोपली आणि सर गेले. शोकसभा त्याच व्यासपीठावर झाली. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. माझं नाव पुकारलं, तेव्हा त्या खुर्चीकडे बघत मी म्हणाले, "कार्ल्याच्या सरूबाई म्हणायच्या, भात घरी गेलं का खळं एकलं पडतं. सरूबाई म्हणजे माझी आई."