साडूंनी राखलेली बाटली

हाताशी आलेली चांगली वस्तू वाया कशी घालवावी, हे आमच्या थोरल्या साडूंइतकं पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही कळत नाही. नेरजवळच्या एका गावात ते राहतात. वीस एकर काळं वावर आहे, विहिरीला पाणी आहे, डोकं तेवढं नाही. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात, त्यात नवल नाही. पण मार्च सरला की शहाणी माणसं तो विकून मोकळी होतात. साडूंचा कापूस पुढच्या पेरणीपर्यंत माजघरात छताला टेकलेला असतो आणि पाहुण्यांनी त्याच्या कडेला अंग खाजवत जेवायचं असतं. "थांबा ना मास्तर, भाव चढून राह्यला," असं ते मला दर उन्हाळ्यात सांगतात आणि पावसाच्या तोंडावर पडेल त्या भावात गाडी भरतात.

हा रोग कापसापुरता असता तर मी बोललो नसतो. त्यांच्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक बारा वर्षांत निघालेलं नाही. मे महिन्यात त्यावरून उठताना सदरा मागेच राहतो की काय असं वाटतं. आंब्याच्या पेटीपाशी ते रोज हुंगत बसतात, "जराक पिकू द्या" म्हणतात आणि शेवटी पेटी बैलांपुढे रिकामी करतात. एकदा मी वैतागून विचारलं, "भाऊ, तुम्ही लग्न तरी वेळेवर कसं केलं?" तर हा गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "बाबानं लावून देल्लं ना थे. मी तं थांबाच म्हणत होतो." ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, तेव्हा तिथेच भाकरी थापत होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वीसेक वर्षांपूर्वी फवारणी न केलेला कापूस पाहायला एक परदेशी बाई त्यांच्याकडे आठ दिवस राहिली होती. ताईने तिला भाकर, झुणका, अंबाडीची भाजी असं प्रेमाने खाऊ घातलं. जाताना बाईने ताईच्या हातात वाइनची बाटली दिली आणि सोबतच्या माणसाकरवी सांगितलं, द्राक्षांची आहे, दोघं मिळून जेवताना घ्या. त्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, पण ताईला हौस फार. "एक घोट चाखून तं पाहू ना वो," ती म्हणाली. साडूंना नेमकं कुणीतरी सांगून ठेवलं होतं की वाइन जितकी जुनी तितकी भारी. झालं! बाटली थेट कापसाच्या ढिगात गेली. "थंडी राह्यते तिथं," म्हणे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, कापसाच्या पोटात, आणि तीही उभी! कापूस विकला की ती फडताळात, नवा आला की पुन्हा ढिगात. मी वाचलेलं सगळं सांगून पाहिलं. आडवी ठेवा, गार जागी ठेवा, आणि जुनी झाली की प्रत्येक बाटली सुधारतेच असं नाही. "तुमी शाळेतलं सांगता मास्तर," एवढंच उत्तर मिळालं. ताईने लेकीच्या लग्नात विचारलं, नातवाच्या बारशाला विचारलं. "थांब ना, जुनी होऊन राह्यली."

गेल्या उन्हाळ्यात ताई आजारी पडली. नागपूरला मोठं ऑपरेशन ठरलं. निघताना पिशवी हातात घेऊन ती दारात थबकली. "आता तं उघडा वो. माहं काही सांगता येत नाई."

"वापस आल्यावर उघडू," साडू म्हणाले.

मला इतका संताप आला की मी तोंडावर बोललो, "भाऊ, तुमच्यासारखा दगड मी पाहिला नाही." ते आत गेले आणि बाटली कापसात आणखी खोल खुपसून आले.

ताई परत आली. पण पुढच्या औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली. वरण काय नि श्रीखंड काय, सगळं मातीसारखं. ती पुन्हा सगळ्यांसोबत पानावर बसायला लागली तेव्हा साडूंनी मला बोलावलं. वीस वर्षं साठवलेलं माझं भाषण मी सोबत घेऊनच गेलो होतो. साडूंनी स्वतः बाटली काढली, धोतराने पुसली. बूच निघेना. पेचकस घातला तर त्याचा भुगा होऊन आत पडला. मग चहाच्या गाळणीतून तीन फुलपात्रं भरली. आंबूस वास मला बसल्या जागी आला.

पहिला घोट ताईने घेतला. "घशाले झोंबते जराक. चव तं काहीच नाई लागत मले," ती हिरमुसून म्हणाली. "कशी हाय वो?"

साडूंनी घोट घेतला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "गोड हाय. लय गोड."

"मास्तर, तुमी सांगा. हे तं काहीही सांगतात."

मी प्यालो. नुसता शिरका! दात आंबले. भाषण जिभेवर आलं होतं. साडू माझ्याकडे पाहत होते, आणि त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दारात ताईला "वापस आल्यावर" म्हणताना तो किती घाबरला असेल, हे मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"गोड आहे ताई," मी म्हणालो. "अगदी वेळेवर उघडली."

ताई हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. साडूंनी माझ्याकडे न पाहता माझं फुलपात्र पुन्हा भरलं, आणि मी तेही प्यालो.