रिकामं जातं

काशीबाई गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या फाटकावर मिळाला. निरोप आणणाऱ्यालाच मी उलटसुलट विचारत राहिले, कोणती काशीबाई, कुणी पाहिलं, खरंच का... साध्या तापानं धडधाकट बाई जाते यावर माझा विश्वास बसेना. माझा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या चरवीत मी बोट बुडवून बघते, आणि माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला देवळातला प्रसादसुद्धा हुंगून लागतो. काशीबाईला जाऊन आता महिना होत आला. हा माझा स्वभाव ज्या एकाच बाईनं समजून घेतला तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असं रोज वाटतं.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो. यांना काम मिळालं, पाठोपाठ मलाही बाटल्यांना लेबलं लावायचं काम मिळालं. प्रश्न शैलाचा होता. दोन वर्षांची पोर, दुपारी डोळ्याला डोळा लावायची नाही. थोपटा, झोळीत घाला, खांद्यावर घेऊन फिरा, ती टक्क जागी, आणि मग संध्याकाळभर किरकिर. गावातली काशीबाई कामावर जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळते असं कळलं, म्हणून तिच्याकडे ठेवली. पहिल्याच दिवशी शिफ्ट संपवून गेले तर चारपाच मुलं गोधडीवर ओळीनं गाढ झोपलेली, त्यात शैलाही. बाकीच्या आया खूश होत्या. मी शैलाला हलवून जागं करून बघितलं.

बाळगुटीत अफूचा कण उगाळायचा, लेकरू निपचित पडतं आणि बाई निवांत खुरपायला मोकळी होते, हे मी माहेरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी रोज संध्याकाळी शैलाचं तोंड हुंगू लागले, पापण्या वर करून बघू लागले. एकदा काशीबाईची गुटी उगाळायची सहाण बोटानं पुसून चाटली, तर नुसतं वेखंड. तरी तिची शेजारीण म्हणाली की दुपारी घरचे शेतावर गेले की काशीबाई दाराला आतून कडी घालते. कुठंतरी पाणी मुरतंय याची मला खात्री पटली.

म्हणून एक दिवस अर्धी रजा टाकून गेले. दाराला कडी, आणि आतून जात्याची घरघर. खिडकीवर घोंगडी टाकलेली होती, तिच्या फटीतून पाहिलं. मुलं जात्याच्या भोवती आडवी झालेली आणि काशीबाई संथपणे जातं ओढत होती. पण सुपात दाणा नव्हता आणि जात्याच्या कडेला पीठही नव्हतं. मी दार वाजवलं. मला बघून तिचं तोंड उतरलं.

"सासूला सांगू नगा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रिकामं जातं फिरवलं की घराची बरकत जाती म्हनत्यात. पन रोज दळाया दानं कुठनं आनू? ह्या घरघरीवर ल्येकरं निजत्यात."

मग माझ्या तोंडून अफूचं निघून गेलंच. ती चिडेल असं वाटलं होतं. ती शैलाशेजारी बसली, तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला आणि म्हणाली, "माझा पयला त्यानंच गेला. मी रानात हुते. घरातल्या कुनी गोळी दिली, ते आजून कुनी कबूल झालं न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "तुमची पोर सकाळी आली की मी बी तिचं तोंड हुंगते, बाई. आईनं काय दिलंय का बघाया."

म्हणजे मी संध्याकाळी हुंगत होते आणि ती सकाळी. आम्ही दोघी हसलो, मग ती रडली, आणि त्या दिवसापासून ती माझी झाली.

पुढं मला एकेक कळत गेलं. ती जेवणाची वेळ चुकवायची नाही, निजताना मुलांना कधी रागवायची नाही, आणि त्या घरात एकाही लेकराला एकटं सोडायची नाही. विहिरीवर जायचं तरी जागं असेल ते कडेवर आणि झोपलेल्यांपाशी शेजारीण. मी तिला म्हणायचे, माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त संशयी.

परवा तिच्या घरी भेटायला गेले. शैला शाळेत, धाकटा बाळू कडेवर आणि झोपेनं रडकुंडीला आलेला. घरात एकटी सासू होती. म्हातारी उठली. तिनं दाराला कडी घातली, खिडकीवर घोंगडी टाकली आणि जात्यापाशी बसली. दाणे घेतलेच नाहीत. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं तर. जातं फिरू लागलं, बाळू नाक चोळत गोधडीवर कलंडला आणि झोपला. मी सवयीनं वाकले आणि त्याचं तोंड हुंगलं.

जातं थांबलं.

"काशी बी आशीच हुंगायची," म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली. "मरंपतुर माझ्यापाशी एक ल्येकरू सोडलं न्हाई तिनं."

तिचा हात खुंट्यावरच राहिला होता. झोपलेल्या बाळूला उचलून मी मांडीवर घेतलं आणि त्याच्या नाकाखाली बोट धरलं.