नकाशात नसलेली पांदण

कागद त्यानं वरून टाकला.

कमेटीच्या कचेरीला सात पायऱ्या होत्या. मी खालच्या पायरीशी उभा, बाबू वर ओसरीत. बाबू म्हणजे हेडक्लार्क. त्याच्या हातातून माझ्या हातात कागद कधीच आला नाही. तो वरून सोडायचा आणि जिथं पडेल तिथून मी उचलायचा. त्या दिवशी कागद पानाच्या पिचकारीवर पडला. पिचकारी ओली होती. मी कागद उचलला, धोतराला पुसला आणि तिथंच उभ्यानं वाचायला लागलो.

"काय पाहून राह्यला त्याच्यात?"

"वाचून राह्यलो, बाबूजी."

"तुले वाचाले कोनं सांगतलं? तुले वाजवाले ठेवलं."

ओसरीत बसलेली माणसं हसली. मीही हसलो. हे सांगताना आजही कानशिलं तापतात, पण हसलो होतो.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातलं, बाजाराचं. आलापल्लीकडून सागाचे लठ्ठे भरलेल्या बैलबंड्या यायच्या, तलावाच्या बांधावर थांबायच्या. गावाला नगरपालिका होती, लोक तिला कमेटी म्हणत. मी कमेटीचा डौंडीवाला. दवंडीला आमच्याकडे डौंडी म्हणतात. माझा बाप तेच करायचा. त्याला वाचता येत नव्हतं. बाबू बोलायचा, बाप ते तोंडपाठ करून चौकाचौकात सांगायचा. मी चौथीपर्यंत शिकलो होतो, शाळेच्या दाराबाहेर पोत्यावर बसून. बापाचे हात थरथरायला लागले तसं डफडं माझ्या गळ्यात आलं आणि कमेटीचा पितळी बिल्ला माझ्या दंडावर.

तेव्हा शिवाशीव कायद्यानं संपली होती. कचेरीच्या भिंतीवर तसा कागदही लागला होता. तो ओसरीच्या आतल्या भिंतीवर होता. आम्हाला ओसरीत चढायची मनाई होती.

पिचकारी पुसून मी जो कागद वाचला, त्यात लिहिलं होतं की तलावाखालच्या पांदणीलगतच्या पडीत जागेत लाकूड कापायची आरामशीन आणि लाकडाचं आवार बांधायला परवानगी मागितली आहे. ज्या कोणाला हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांच्या आत लेखी द्यावी. अर्जदार होता कमेटीच्या अध्यक्षाचा पुतण्या. अध्यक्षाला गाव मालक म्हणायचं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली होती, मालक तसाच होता.

"बाजारात दे, मालकाच्या गल्लीत दे, पेठेत दे," बाबू म्हणाला. "तुमच्या मोहल्ल्यात नको जाऊ."

"काऊन, बाबूजी?"

"तिथी कोनाले हरकत रायते?"

ती पांदण आमची होती. पांदण म्हणजे बैलबंडीची वाट. आमचा महारमोहल्ला गावाच्या खालच्या अंगाला. तिथून तलावावर, बाजारात, मसणात जायचं ते त्याच वाटेनं. जंगलातल्या गोंड बाया मोहफुलांच्या टोपल्या घेऊन त्याच वाटेनं बाजाराला यायच्या. दुसरी वाट एकच होती, मालकाच्या गल्लीतून. त्या गल्लीत आमच्या माणसानं चपला काढून हातात घ्यायच्या असा रिवाज होता. बायकांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा. आणि मढं त्या गल्लीतून न्यायचंच नाही. पांदण होती म्हणून आम्ही कामाशिवाय त्या गल्लीत पाय ठेवत नव्हतो. माझ्या आयुष्यातली जी काही थोडी ताठ मान होती, ती त्या पांदणीनं दिलेली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बाबूनं सांगितलं तसंच केलं. बाजारात वाजवलं, पेठेत वाजवलं. मालकाच्या गल्लीत चपला कमरेला खोचून वाजवलं. घरी जाताना मोहल्ल्याच्या तोंडाशी डफडं काखेत दाबलं, त्याचा आवाज होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबूनं पायरीवर रजिस्टर ठेवलं. त्यात आधीच लिहिलेलं होतं, "समस्त गावात डौंडी दिली." खाली मी सही केली. अंगठा नव्हे, सही. मला त्या सहीचा अभिमान होता. बाप अंगठा द्यायचा, मी सही करायचो.

दहा-बारा दिवसांनी पांदणीवर चुन्याची रेघ पडली. दोन माणसं साखळी घेऊन आली, मोजलं, खुंट्या ठोकल्या. रेघ पांदणीच्या या काठापासून त्या काठापर्यंत होती.

भागाबाई त्या खुंटीजवळ उभी होती. ती आमच्या मोहल्ल्याची सुईण. साठीच्या पुढची, काटकुळी. मालकाच्या घरचीसुद्धा बाळंतपणं तिनंच केली होती. मागच्या दारानं बोलावणं यायचं आणि मागच्याच दारानं ती परत यायची. तिनं मला हाक मारली.

"बापू, याची डौंडी झाली काय?"

मी दंडावरच्या बिल्ल्यावर हात ठेवला.

"तूच वाजवतं ना?"

"झाली, भागाबाई."

"कुठी झाली? आमच्या कानावर नाई आली."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, सहीसकट. मला वाटलं ती शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. खुंटीकडे बोट करून म्हणाली, "तुह्या बापानं कोनाचं कोंबडं हरवलं तं त्याचीबी डौंडी मोहल्ल्यात देली होती. आन् वाट चालली तं तू चूप राह्यला."

ती निघून गेली. मी त्या चुन्याकडे बघत उभा होतो. पायानं पुसून टाकावा असं वाटलं. पुसून काय होणार होतं? कागद तर कचेरीत होता.

त्या दुपारी जेवण गेलं नाही. बायको विचारत होती, काय झालं. मी आत-बाहेर करत होतो. पंधरातले तीन दिवस उरले होते. कागदावर लिहिलं होतं, ज्या कोणाला हरकत असेल. ज्या कोणाला. ते दोन शब्द डोक्यात फिरत होते. त्यात जात लिहिलेली नव्हती. मोहल्ला लिहिलेला नव्हता.

मी हरकत लिहिली. शाळेनंतर पहिल्यांदा एवढं लांब लिहिलं. पांदण कुठून निघते, कुठं जाते, कोण कोण तिच्यावरून चालतं, मढी कुठून नेतात. मग घरोघर गेलो. प्रत्येक दारात आधी सांगायचो की डौंडी मी दिली नाही, सही मात्र केली. काही जण तोंड फिरवून बसले. एकानं अंगावर पाणी फेकलं. पण अंगठे मिळाले. पहिला अंगठा भागाबाईचा.

कचेरीत गेलो तर बाबू म्हणाला, "खाली ठेव."

मी पायरीवर ठेवला. त्यानं चपराशाला खूण केली, चपराशानं उचलला. मी तिथंच उभा राहिलो.

"आता काय पायजे?"

"पोच पायजे. कागद भेटला म्हून लिहून द्या."

बाबूनं चष्मा काढला. "पोच मांगते. चार अक्षरं काय आली, लय शायना झाला बे तू."

"नेमात असन तं द्या."

त्यानं पोच दिली नाही. पण तास-दीड तासानं, मी हलत नाही हे बघून, चपराशाकडून निरोप पाठवला. सोमवारी सभा आहे, हरकत ऐकतील, या म्हणावं.

सोमवारी आम्ही सात जण गेलो. धुतलेले कपडे घालून. सभा आतल्या दालनात होती. आम्हाला आवारात उभं केलं. ऊन चढलं, दुपार झाली, चहाच्या कपांचे ट्रे आत गेले आणि बाहेर आले. भागाबाई खाली बसली तर चपराशी म्हणाला, उभी राय, मालक पाहतेत. ती उठली. मग कधीतरी खिडकी उघडली. मालक खिडकीशी खुर्ची ओढून बसला. बाकीचे सभासद त्याच्या मागं.

"हरकत कोनाची?"

"आमची," मी म्हणालो.

"काय हरकत हाये?"

मी सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. मालकानं हात वर केला आणि बाबूकडून नकाशा मागवला. खिडकीत धरला. "पाह्य. तुमची पांदण याच्यात कुठी हाये, दाखव."

मी दहा-बारा हातांवर होतो. मला नुसता पांढरा कागद दिसत होता. मी पुढं पाऊल टाकलं.

"तिथूनच."

"तिथून दिसत नाई, मालक."

"दिसनच कसं. नकाशात पांदण नाईच. जे नाई त्याच्यावर हरकत कशी घेतं?"

आत हसू फुटलं. मग बाबू पुढं आला. त्याच्या हातात रजिस्टर होतं. त्यानं पान उघडून खिडकीत धरलं. हे मात्र मला तिथूनही ओळखू आलं.

"समस्त गावात डौंडी देली. कोनी तोंड उघडलं नाई. ही सही कोनाची?"

माझी. माझी अभिमानाची सही. भागाबाई माझ्याकडे बघत नव्हती, ते मला जास्त लागलं.

मालक आता मऊ आवाजात बोलला. मेहरबानी करताना बोलतात तसा. "आम्ही का तुमाले कोंडून मारतो काय? आमच्या गल्लीतून जा ना. चपला हातात घ्या, बस."

सभासद हसले. त्यात वकील होता, डॉक्टर होता, खादी घातलेला एक जण होता. तोही हसला.

त्या वेळी माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर तो रोजच होता. पण त्या वेळी मला एकदम स्पष्ट दिसलं, की ही माणसं ज्याच्यावर उभी आहेत ती माझी सही आहे. मी खोटं लिहून दिलं म्हणून त्यांचं खरं झालं.

मी पायऱ्या चढलो. सात. ओसरी ओलांडली. चपराशी आडवा आला, मी त्याला बाजूला केलं. दालनात शिरलो. कोणीतरी पाण्याचा गडवा पटकन उचलून घेतला. मी टेबलापाशी उभा राहिलो आणि नकाशावर बोट ठेवलं.

"ही सही माही हाये. ते खोटी हाये. मोहल्ल्यात डौंडी देली नाई. नको देऊ म्हून या बाबूनं सांगतलं. हे सभेच्या पुस्तकात लिहा. आन् पांदण इथून जाते. इथून. नकाशा काढनाऱ्याले दिसली नाई. तो आमच्याकडे आलाच नाई."

कोणी हसलं नाही. बाबूचं तोंड पांढरं पडलं होतं. खादीवाला खिडकीबाहेर बघत होता.

"बिल्ला ठेव इथी," मालक म्हणाला, "आन् निघ."

मी बिल्ला काढला. टेबलावर, नकाशावर ठेवला. बाहेर आलो तर भागाबाई पायऱ्या चढून ओसरीत येऊन उभी होती. तिला कोणी उतर म्हणालं नाही. बहुतेक कोणाला सुचलंच नाही.

डफडं बापाचं होतं, कमेटीचं नव्हतं. मी घरी गेलो, ते गळ्यात अडकवलं आणि आमच्या मोहल्ल्यापासून सुरुवात केली. मग पेठ, मग बाजार, मग मालकाची गल्ली. चपला पायात. "ऐका हो. आरामशिनीची डौंडी खोटी देली होती. पांदण बंद होऊन राह्यली. ज्या कोनाले हरकत असन त्यानं लिहून द्या." गल्लीत पहिला दगड पाठीत बसला. दुसरा कानाखाली. ती खूण अजून आहे. मी गल्ली पूर्ण चाललो, धावलो नाही.

आरामशीन झाली. परवानगी त्याच सभेत दिली होती, हरकत फेटाळून. मी चांद्याला कलेक्टरसाहेबाकडे अर्ज केला. एकदा, दोनदा, पाचदा. पायी गेलो, लठ्ठ्यांच्या बंडीवर बसून गेलो. शेवटी एक मोजणीवाला आला, त्यानं पांदण मोजली आणि मान हलवून गेला. पुढं काही झालं नाही. पांदणीवर तारेचं कुंपण पडलं. माझं काम गेलं ते गेलंच. मी जंगलात ठेकेदाराच्या कूपात लाकूड तोडायला जाऊ लागलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात भागाबाई गेली. मसणाची वाट तारेच्या आत होती. मोहल्ल्यातली माणसं तिरडीभोवती बसून होती, एकमेकांकडे बघत. मी म्हणालो, गल्लीतून नेऊ.  तिच्या सुनेनं सगळ्यांत आधी पायात चपला घातल्या. मग सगळ्यांनी घातल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी उसन्या घेतल्या.

गल्लीतली दारं एकेक करून लागत गेली. मालकाच्या घरासमोर आम्ही तिरडी खाली टेकवली, खांदे बदलले. त्या घरातली सगळी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. आतून कोणी बाहेर आलं नाही. दगडही आला नाही. आम्ही तिला पुढं नेलं.

लोक म्हणतात, बरं झालं, गल्ली मोकळी झाली. मला हे बोलणं चालत नाही. गल्ली आमचीच होती, सरकारी रस्ता होता. पांदणही आमची होती. एक मिळाली म्हणून दुसरी सोडली असं मी कधी म्हणालो नाही. तार अजून उभी आहे, पांदण अजून तिच्या आत आहे.

कमेटीत आता कोणाचाही बांधकामाचा अर्ज आला की मी जातो. नकाशा टेबलावर मांडायला लावतो. आमची घरं, विहीर, मसण, वाट त्यात आहे का ते बोट ठेवून बघतो. नसेल तर लिहायला लावतो. लिहीत नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. अध्यक्ष बदलले, बाबू बदलले. नवा बाबू परवा म्हणाला, तुमचं या जागेत काय आहे, तुम्हाला काय पडलंय? मी खुर्ची ओढली आणि बसलो. त्याला म्हणालो, मी इथं राहतो. अर्ज काढा.