ज्याच्या हाती पळी

सासऱ्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं, आणि धुळवडीला त्यांच्या अंगणातल्या चुलीवर चढायचा तो गंज दुकानातला सगळ्यात मोठा. रंग खेळून, आंघोळी आटपून दुपारी सगळे पुरुष तिथं जमत. मटण पुरुषांनी शिजवायचं आणि मोहाची दारू सगळ्यांनी प्यायची, असा त्या घरचा रिवाज. नव्या जावयाला पहिला पेला सासरा स्वतःच्या हातानं देणार. नाही म्हणणारा जावई त्या घराला अजून भेटला नव्हता.

माझ्या वडिलांनी दारूपायी घराचं वाटोळं केलं होतं. मी थेंबालाही शिवणार नाही, हे लग्नाआधीच बायकोला सांगून टाकलं होतं. तिला ते आवडलं. माझ्यातलं कदाचित तेवढंच आवडलं असेल. पण चार लोकांत सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्यांचा पाणउतारा, आणि मला तर तो माणूस मनापासून आवडत होता. बापाची माया काय असते ते मला त्या घरात कळायला लागलं होतं. एका पेल्यापायी ती जाते की काय, या विचारानं धुळवड जवळ आली तशी मी गावाला जायची निमित्तं शोधू लागलो. जो तो म्हणे, सणाचं घोटभर घेतल्यानं काय होते? काय होतं ते मी लहानपणी पाहिलं होतं, पण धुळवडीला असलं भाषण कोण ऐकून घेणार?

तोड बायकोनं काढली. ज्याच्या हाती पळी, त्याला गंज उतरेपर्यंत पेला द्यायचा नाही, असा त्यांच्याकडे नियम होता. एका वर्षी चुलत सासरे पिऊन चुलीपाशीच झोपी गेले, मटण करपलं आणि पाहुणे चिवडा खाऊन घरी गेले, तेव्हापासूनचा.

"तुम्ही पळी मागून घ्या," ती म्हणाली.

"मला चहाही धड जमत नाही."

"मी खिडकीत आहो ना."

धुळवडीला सासरे भरलेला पेला घेऊन माझ्याकडे वळले. "घ्या, जवाईबापू."

"मामाजी, आज मटण मी शिजवतो."

पळी तोवर चुलत सासऱ्यांकडे होती. त्यांनी ती अशी घाईनं माझ्या हातात कोंबली, की त्यांना मी आजही दुवा देतो. सासऱ्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येते का तुमाले?"

"येते," मी धडधडीत खोटं बोललो.

स्वयंपाकघराची खिडकी चुलीच्या अगदी वर होती. आत बायको पोळ्या लाटत होती आणि दबक्या आवाजात हुकूम सोडत होती. "खोबरं टाका आता. हलवा. काहून थांबले, हलवा ना." रस्सा झाला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बी जवाईबापूच." जेवणं झाल्यावर पेल्याची आठवण कोणाला राहिली नाही.

पुढे कितीतरी धुळवडी मी धूर खात काढल्या. साळे चिडवत, की बाबानं जवाई नाही, आचारी आणला. हळूहळू मला खिडकीची गरज उरली नाही, तरी बायको तिथंच लाटायला बसे. माझ्या चुका काढायची तिला सवयच लागली होती.

मग एका हिवाळ्यात सासरे धंतोलीच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून राहिले. डॉक्टरांनी दारू कायमची बंद केली. धुळवडीला जुने सोबती नेहमीसारखे आले, आणि घरधन्यानंच घ्यायची नाही हे त्यांना काही केल्या पचेना. "घोटभर घ्या ना भाऊ, सण आहे. घोटभरानं काय होते?" सासरे हसून टाळत होते. शेवटी एकानं पेला त्यांच्या हातात दिलाच. मी चुलीपासून पाहत होतो. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच पेला.

त्यांनी पेला खाली ठेवला. काठी टेकत ते माझ्याकडे आले. मी पाट सरकवला, ते बसले.

"पोरगी खिडकीतून सांगून राहिली होती, ते मले पहिल्याच वर्षी ऐकू आलं होतं," ते हळूच म्हणाले. "आता ते पळी मले द्या."

मी पळी त्यांच्या हातात दिली. तिकडे सोबत्यांनी पेला उचलून घेतला. नियम तो नियम. सासरे गंजाकडे पाहत बसून राहिले.

"बाबा," खिडकीतून आवाज आला, "काहून थांबले? हलवा ना."