वानखडे सर आणि वाचलेले भुंगे

वानखडे सर आज सकाळी गेले. माझी पीएचडी त्यांनीच अडवली होती.

ते माझे गाइड. उत्क्रांती शिकवायचे, तीही अस्सल वऱ्हाडीत.

मी उमरेडहून रोज एसटीने यायचे. लॅबमध्ये हरभऱ्यातले भुंगे वाढवायचे, बरण्याच बरण्या. एका मे महिन्यात लॅबचा एसी तीन दिवस बंद पडला. बहुतेक बरण्यांतले भुंगे मेले. नऊ बरण्यांतले जगले.

मी त्यावर अख्खा चॅप्टर लिहिला. उष्णतेत टिकणारे, निसर्गाने निवडलेले भुंगे.

थीसिस देण्याआधीचं प्रेझेंटेशन. समोर पूर्ण डिपार्टमेंट. मागच्या रांगेत माझे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून.

चौथ्या स्लाइडवर सरांनी थांबवलं.

"हे नऊ काहून वाचले?"

"मजबूत होते म्हणून, सर."

"मजबूत होते, हे कशावरून म्हणून राहिली तू?"

"वाचले ना, सर."

मी पुढच्या स्लाइडसाठी बटण दाबलं.

"म्हणजे वाचले म्हणून मजबूत, आन् मजबूत म्हणून वाचले. तू एकच गोष्ट दोनदा सांगून राहिली. कोण वाचणार आन् काहून, हे मरायच्या आधी सांगता आलं पाहिजे. मेल्यावर तं कोणीही सांगते."

चॅप्टर रद्द.

धरमपेठेतल्या एका कॉलेजची पर्मनंट पोस्ट त्या डिग्रीवर अडकली होती. तीही गेली.

मी सरांचे फोन उचलणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी लॅबचं रजिस्टर काढलं. त्यांना चुकीचं ठरवायलाच. कोणती बरणी कुठल्या रॅकवर, सगळं माझ्याच अक्षरात.

जगलेल्या भुंग्यांच्या नऊच्या नऊ बरण्या सगळ्यात खालच्या रॅकवर होत्या. फरशीला लागून. तिथे त्यातल्या त्यात गार होतं.

बस. एवढंच.

रजिस्टर घेऊन हुडकेश्वरला सरांच्या घरी गेले. माफी मागायची होती.

हॉलमध्ये त्यांचे एक नातेवाईक बसले होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सर आणि त्यांचा धाकटा भाऊ सुधाकर सोबतच आजारी पडले, आणि भाऊ गेला, एवढं मला माहीत होतं.

"तुमची बॉडीच दणकट गा भाऊ," नातेवाईक म्हणत होते. "सुधाकर पयल्यापासून नाजूक. निसर्ग कमजोराले ठेवत नाही."

सर उभे राहिले. मला वाटलं, हात उगारतात.

"सुधाकर माह्यापेक्षा तगडा होता. ऑक्सिजनची खाट एकच होती. माह्यं वय जास्त म्हणून मले देली."

आवाज चढला नव्हता.

"तो नाजूक होता म्हणून नाही गेला. पुन्हा असं कोणाले सांगू नका."

सरांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

नातेवाईक चप्पल घालून निघून गेले. मी रजिस्टर उघडून सरांपुढे ठेवलं. खालच्या रॅकच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, ते तिथेच राहिलं. चष्मा काढला. पुसून परत घातला.

मग म्हणाले, "सोमवारी ये. बरण्या नव्यानं लावू."

नवं काम दीड वर्ष चाललं. सगळ्या बरण्या एकाच रॅकवर, सारख्याच उष्णतेत, आणि कोण जगणार ते आधीच कागदावर लिहिलेलं. माझे अर्धेअधिक अंदाज चुकले. सरांनी ते तसेच छापायला लावले. डिग्री मिळाली. पुढे मीही गाइड झाले.

गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांनी माझ्या विद्यार्थिनीचा थीसिस वाचायला मागून घेतला. सातव्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत.

पुढची पानं आता मलाच वाचायची आहेत.

सर, शेवटचा नमस्कार.